हात कधी सोडायचा

मंडळी, आज फक्त 50 मीटर धावणं घेऊ. बौद्धिक दिव्यांग खेळाडूला ते शिकवताना नवा स्वयंसेवक पहिल्याच दिवशी त्याचा हात धरून पळतो. फोटो छान येतो, पण खेळाडू शिकतो ते हात धरून पळणं.

मदतीच्या पायऱ्या आहेत. आधी नुसतं सांगा. नाही जमलं तर करून दाखवा, मग कोपराला हलका स्पर्श करा. हात धरणं सगळ्यात शेवटी. सूचना दोन-तीन शब्दांची: ‘समोर बघ’, ‘रेषेवर पाय’. एवढं बोलून मनात दहापर्यंत आकडे मोजा आणि गप्प राहा. हे गप्प राहणंच आपल्याला जड जातं. लगेच आपण तेच वेगळ्या शब्दांत सांगतो. ऐकणाऱ्याला ती नवी सूचना वाटते आणि त्याला पुन्हा पहिल्यापासून उलगडा करावा लागतो. आणि हो, पंचविशीतल्या खेळाडूला ‘बाळा’ म्हणू नका.

फक्कीने 1.22 मीटर रुंदीची लेन आखा. शेवटचे 10 मीटर आधी शिकवा, मग सुरुवातीची जागा 20, 30, 50 मीटर अशी मागे सरकवा. म्हणजे शर्यत संपवणं पहिल्या दिवसापासून अंगवळणी पडतं. बरेच जण शेवटच्या रेषेवर येऊन गपकन थांबतात, कारण आपणच ‘रेषेपर्यंत पळ’ म्हणालेलो असतो. मदतनीस रेषेच्या पुढे 10 मीटरवर उभा करा. धाव सरळ पडू लागली की त्याला लेनच्या बाजूला घ्या, नंतर त्याच्या जागी नुसता शंकू ठेवा, शेवटी तोही उचला. स्पर्धेत तिथं आई नसते, तुम्हीही नसता. कोणत्या पायरीला किती मदत लागली ते रोज वहीत लिहा. सलग तीन सरावांत लागली नाही, तर ती काढा.

स्पेशल ऑलिम्पिक्समध्ये, म्हणजे बौद्धिक दिव्यांग खेळाडूंच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या स्पर्धांत, वय, लिंग आणि प्राथमिक फेरीतली वेळ पाहून सारख्या ताकदीचे 3 ते 8 खेळाडू एका गटात घालतात. सोपा गट मिळावा म्हणून ‘आज हळू पळ’ सांगणारे प्रशिक्षक असतात. ही लबाडी आहे, आणि ती अंगाशी येते: अंतिम फेरीतली वेळ साधारण 15 टक्क्यांहून जास्त सुधारली, तर खेळाडू बाद होऊ शकतो. प्राथमिक फेरी 12 सेकंदांची असेल, तर अंतिम फेरीत 10.2 च्या आत आल्यावर प्रश्न उभा राहतो.

एक मदत मात्र काढायची नाही: खेळाडूच्या जिवाची काळजी. मराठवाड्यातल्या एप्रिल-मेमध्ये सराव सकाळी लवकर उरका. फिट्सच्या काही गोळ्यांनी घाम कमी येतो आणि अंग तापतं. ‘तहान लागली का?’ विचारत बसू नका, अनेकांना ते सांगता येत नाही. दर 15 मिनिटांनी सावलीत बसवून पाणी द्या. डाऊन सिंड्रोम (जन्मजात गुणसूत्रदोष) असेल, तर मानेचे वरचे मणके सैल असू शकतात. डॉक्टरांनी तपासून परवानगी दिल्याशिवाय कोलांटी, उंच उडी, फुटबॉल डोक्यानं मारणं बंद. फिट आलीच तर घड्याळ बघा, आजूबाजूचे दगड हटवा, कुशीवर वळवा. हातपाय दाबून धरू नका, तोंडात काही घालू नका. कांदा किंवा चप्पल हुंगवायला लोक धावतील, त्यांना मागे सारा. झटके पाच मिनिटांत थांबले नाहीत, तर 108 ला फोन करा, आणि गोळ्यांची नावं लिहिलेला कागद रुग्णवाहिकेत सोबत द्या.