चार लाख छिद्रं

या व्हिडिओसाठी हा लाल दिवा मुद्दाम लावलाय. खोलीत दुसरा कुठलाच उजेड नाही, दाराच्या फटीत पण चादर कोंबलीये. १९१२ साली मुंबईत दादासाहेब फाळक्यांच्या घरात रात्री साधारण असंच दिसत असणार, मुलं झोपलेली, स्वयंपाकघरातली आवराआवर झालेली, आणि मग त्यांच्या बायको सरस्वतीबाई फिल्म घेऊन बसायच्या. त्या काळच्या फिल्मला लाल उजेड कळायचाच नाही, म्हणून लाल दिव्यात काम चालायचं. साधा दिवा लावला की रीळ काळं, म्हणजे पैसे पाण्यात.

कच्ची फिल्म यायची कोडॅकची, पण कडेला छिद्रं नसलेली, नुसती गुळगुळीत पट्टी. ती छिद्रं घरी पाडायची, कारण कॅमेऱ्यातले दाते त्या छिद्रांत अडकूनच फिल्म पुढे ओढतात. एका चित्राला एका बाजूला चार छिद्रं, दोन्ही बाजूंची आठ. फुटाला सोळा चित्रं. आणि फाळक्यांच्या पहिल्या मोठ्या सिनेमाची, ‘राजा हरिश्चंद्र’ची, लांबी ३,७०० फूट. आम्ही हिशोब मांडला तर ४,७३,६०० छिद्रं येतात, आणि ही फक्त निगेटिव्हची, प्रिंट वेगळी, फुकट गेलेली फिल्म वेगळी!

फाळक्यांनी त्यासाठी मशीन घेतलं होतं. आमच्याकडे मशीन नव्हतं, म्हणून प्लॅस्टिकची पस्तीस मिलिमीटरची पट्टी कापली आणि चप्पल शिवणाऱ्याकडचा पंच आणला. हे बघा, एक फूट, एकशे अठ्ठावीस छिद्रं, पाऊण तास लागला. आणि हे इथे बघा, तिरकं गेलं. मशीनवर हात भरभर चालत असेल हे मान्य, पण अंधारात पट्टी सरळ धरायची आणि एवढंसंही हलू द्यायचं नाही हे काम मशीन करत नाही, कारण केसाइतकं जरी छिद्र सरकलं तरी पडद्यावर अख्खा राजवाडा थरथरतो.

(इथे दहा सेकंद काही बोलायचं नाही. फक्त हात.)

सरस्वतीबाई म्हणजे माहेरच्या गिरिजा करंदीकर, १९०२ साली लग्न झालं. धुंडिराज गोविंद फाळके, जन्म १८७० चा, त्र्यंबकेश्वरचा, ही ती त्र्यंबकेश्वरची गल्ली. जे. जे. स्कूल ऑफ आर्ट, बडोद्याचं कलाभवन, फोटोग्राफी, पुरातत्त्व खात्यात ड्राफ्ट्समन, छपाई, मधे जादूचे प्रयोगसुद्धा, ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने, उलटं वाचा, फाळके होतं. मग गिरगावात तंबूत येशूच्या आयुष्यावरचा सिनेमा बघितला आणि माणूस पेटला. इतका बघत सुटला की डोळ्यांनी दगा दिला, ते कसेबसे सावरले. विम्याची पॉलिसी गहाण, १९१२ च्या फेब्रुवारीत बोट धरून लंडन. तिथे विल्यमसन कॅमेऱ्याचा सौदा केला, इंग्रज दिग्दर्शक सेसिल हेपवर्थच्या स्टुडिओत काम कसं चालतं ते बघितलं, आणि दोन महिन्यांत परत. मग सिनेमासाठी बायकोचे दागिने गहाण. ही गोष्ट तुम्ही शंभरदा ऐकलीये, म्हणून पटकन सांगितली.

ती शंभरदा ऐकलीये कारण ती सिनेमात आलीये. २००९ चा परेश मोकाशींचा ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’, ऑस्करला भारताकडून गेलेला, नंदू माधव फाळके आणि विभावरी देशपांडे सरस्वतीबाई. मस्त सिनेमा आहे, रडारड नाही, सगळं घर एखाद्या खेळात उतरल्यासारखं कामाला लागतं. कमल स्वरूप यांचा ‘रंगभूमी’ एकदम दुसऱ्या टोकाचा, स्वतःच्या फिल्म कंपनीत बिनसल्यावर फाळके काशीला गेले आणि नाटक लिहीत बसले, त्या काळाच्या मागे फिरणारा, त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. २०२५ मध्ये आमिर खान आणि राजकुमार हिराणींनी पण फाळक्यांवर सिनेमा जाहीर केलाय. येऊ देत. फक्त पोस्टरवर पुन्हा टोपी, कोट आणि कॅमेराच असणार ना? लाल दिव्याच्या खोलीतलं पोस्टर कोणी काढेल का, असा आपला एक प्रश्न.

पण फाळक्यांवरचा सगळ्यात पहिला सिनेमा खुद्द फाळक्यांनीच काढलाय. ‘चित्रपट कसे तयार करतात’. हे बघा, हेच ते. स्वतःच कॅमेऱ्यासमोर, नटांना हातवारे करून सांगतायत, फिल्मची पट्टी उजेडासमोर धरून डोळे बारीक करून बघतायत. किती ऐटीत! शंभर वर्षांपूर्वीचा माणूस ‘मेकिंग’चा व्हिडिओ काढतोय हो.

आता ही हौदाची फ्रेम. ‘राजा हरिश्चंद्र’. राणी तारामती आणि दासी पाण्यात खेळतायत, साड्या भिजून अंगाला चिकटल्यात, आणि सगळेच्या सगळे पुरुष आहेत. सिनेमात काम करायला बाई मिळेना, शेवटी ग्रँट रोडच्या हॉटेलातला आचारी, अण्णा साळुंके, तारामती झाला. (ही प्रिंट १९१३ ची की १९१७ ला पुन्हा काढलेल्याची, यावर अभ्यासकांचं अजून वाजतं.) दादरच्या तेव्हाच्या मेन रोडवर, ज्याला आता दादासाहेब फाळके रोड म्हणतात, तिथे सेट लागला होता, आणि ऊन कमी पडलं की पांढरी चादर धरून उजेड पाडायचं कामही सरस्वतीबाईंचं. युनिटच्या सगळ्या माणसांचा स्वयंपाक त्याच करायच्या, रात्री केमिकल कालवून फिल्म धुवायची ती पण त्यांनीच. असे सहा महिने सत्तावीस दिवस. फाळक्यांचा पोरगा भालचंद्र सिनेमात हरिश्चंद्राचा मुलगा रोहिदास झाला. म्हणजे घरातलं माणूस पडद्यावर गेलं, पण बाई पडद्यामागेच राहिली.

३ मे १९१३, गिरगावातलं कोरोनेशन थिएटर, ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. आज तिथे हे असं दिसतं. हॉर्न ऐका.

पुढे ‘लंकादहन’ गाजला, त्यात साळुंकेच राम आणि साळुंकेच सीता. ‘कालियामर्दन’मध्ये मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली. मग बोलपट आले, १९३७ ला कोल्हापुरात ‘गंगावतरण’ केला तो शेवटचा, आणि १६ फेब्रुवारी १९४४ ला नाशकात गेले. पटकन पेट घेणारी नायट्रेटची रिळं जळली, कुजली, हरवली, ‘राजा हरिश्चंद्र’चीही दोनच रिळं पुण्याच्या फिल्म संग्रहालयात आहेत. चार लाख छिद्रांमधली निम्म्याहून जास्त गेली.

हे नाशिकचं फाळके स्मारक, मागे पांडवलेणी. रविवारी गेलो होतो, पोरं कारंज्याजवळ पळत होती.

आणि आता शेवटचं. लंडनहून आल्यावर पैसे लावणाऱ्यांना दाखवायला फाळक्यांनी सगळ्यात आधी काय काढलं, तर कुंडीतला वाटाणा. कॅमेरा एका जागी लावून एकेक चित्र टिपत गेले, महिनाभराहून जास्त, आणि पडद्यावर कोंब भराभर वर येतो. ‘अंकुराची वाढ’. तो सिनेमा आता नाही. म्हणून आम्ही मोबाईल गॅलरीत बांधून वाटाणा लावला. पहिला चिमणीने नेला. दुसरा पाणी जास्त होऊन कुजला. तिसरा आला. रोज पाणी आमच्या आईने घातलं, आम्ही दोनदा विसरलो.

बारा सेकंदांचं झालंय. लावतो.