बेंजोवर मारिओ

(बेंजोच्या कळा, अगदी जवळून. एका कळेवरचा आकडा पार झिजलेला.)

ओळखली ना धून? 'मारिओ' या व्हिडिओ गेमची.

अंबाजोगाईजवळचं एक गाव. पत्र्याच्या शेडमध्ये बेंजो पार्टीची तालीम चाललीय. डावा हात कळांवर, उजव्या हाताने तारा छेडायच्या. वाजवतोय तो अकरावीतला भाचा. समोर पोत्यावर बसलेले मामा, पार्टीचे मास्तर.

हे वाद्य नीट बघून घ्या. आपण म्हणतो बेंजो, पण त्याचं मूळ जपानातल्या नागोया शहरात. १९१२ साली गोरो मोरिता यांनी टाइपरायटरसारख्या कळांचं 'ताइशोगोतो' तिथे बनवलं. त्याचाच वंश फिरत फिरत आपल्या वरातीत आला. आणि मारिओची धून रचणारे कोजी कोंडो? तेही नागोयाचेच, जन्म १९६१. निव्वळ योगायोग आहे. पण हे ऐकल्यावर मामांनी बेंजोला हात जोडले, आणि नशिबाने कॅमेरा चालू होता.

(माळ्यावरून काढलेला जुना व्हिडिओ गेम. भाचा कॅसेट फुंकतो.)

हा मामांचा. डब्यावर हजारो गेम लिहिलेले, आत फिरून फिरून तेच ते. त्यातला मारिओ १९८५चा. अख्खा गेम ४० किलोबाइटचा; रोज सकाळी ग्रुपवर येणारा फुलांचा फोटोसुद्धा याहून जड असतो. आवाजाच्या चिपला पाच वाटा. दोन सुरांच्या, एक खर्जाची, एक नुसत्या खरखरीची, पाचवी छोट्या रेकॉर्ड केलेल्या तुकड्यांची. कोंडोंनी खरखरीतून ताल काढला. बरं, मारिओ उडी मारणार, तो आवाजही सुरांच्याच एका वाटेने जाणार. म्हणजे तेवढ्यापुरता एक सूर गप्प. तरी गाणं तुटत नाही, कारण ते रचलंच तसं आहे. आणि घड्याळात शंभर उरले की धून पळत सुटते. मांडव दिसला की मामांची पार्टीही हेच करते.

(भाचा मध्येच थांबतो.)

"मामा, कोंडोंच्या मारिओला चाळीस वर्षं झाली. नवा माणूस नको का?"

"नवा पायजे की. पण आधी बसू दे समोर."

तसंच झालंय तिकडे, मारिओच्या संगीतात. २००७च्या 'सुपर मारिओ गॅलेक्सी'चं बहुतेक संगीत माहितो योकोटा यांचं. त्यांनी आधी केलेलं कोंडोंना पटलं नाही. मारिओ गोंडस आहे ही कल्पना डोक्यातून काढ, असं त्यांनी सांगितलं. योकोटा पुन्हा बसले, आणि शेवटी खरा वाद्यवृंद घेऊन जे उभं राहिलं ते ऐकाच. २०२३च्या 'सुपर मारिओ ब्रदर्स वंडर'मध्येही कोंडोंसोबत नवी मंडळी आहेत.

दुसरी तऱ्हाही आहे. 'ड्रॅगन क्वेस्ट' या गेमच्या मालिकेला १९८६पासून अकराव्या भागापर्यंत संगीतकार कोइची सुगियामा एकटेच. ते २०२१ मध्ये गेले. 'फायनल फँटसी' या दुसऱ्या मालिकेचे पहिले नऊ भाग नोबुओ उएमात्सू यांचे. २०२३चा सोळावा मासायोशी सोकेन यांनी सांभाळला.

आम्हाला विचाराल तर नवा माणूस हवाच, पण मास्तर हयात असताना आणि मास्तरासमोर. गेल्यावर शोधाशोध करण्यात काय अर्थ?

डीजे आल्यापासून पार्टीच्या सुपाऱ्या कमी झाल्यात. चार वादक ऊसतोडीला गेले.

(ढोलकीवर मामांचा हात.)

भाच्याने मारिओला स्वतःची एक शेपूट जोडलीय, गोंधळाच्या ठेक्यावर. मामा डोळे मिटून ऐकतात. मग पुढे वाकतात, उतरलेली तार कानाशी लावून पिळतात.

"हं. आता पयल्यापासून. अन् शेपूट जरा लांबव."