नदीपलीकडचं कॉलेज

(दृश्य: मिरामारचा रस्ता, सकाळची वेळ. बसमधून उतरून ढेंपे कॉलेजच्या फाटकाकडे निघालेली मुलं.)

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. पुढच्याच वर्षी, १९६२ साली, पणजीत ढेंपे कॉलेज सुरू झालं आणि मडगावात चौगुले कॉलेज. एवढी घाई का, हे समजून घ्यायचं तर थोडं मागं जावं लागेल.

(दृश्य: मांडवीकाठची जुनी मेडिकल कॉलेजची इमारत.)

पणजीत १८४२ पासून वैद्यकीय शाळा होती. इथं शिकलेले गोमंतकीय डॉक्टर पार अंगोला-मोझांबिकपर्यंत गेले. १८५४ पासून लिसेव, म्हणजे माध्यमिक विद्यालय होतं, पोर्तुगीज माध्यमाचं. पण बी.ए., बी.एस्सी. करायचं म्हटलं की गोवा संपायचा. बेळगाव, धारवाड, पुणे, नाहीतर मुंबई. ट्रंक भरायची, कुणा नातेवाइकाकडे नाहीतर खानावळीत सोय लावायची आणि निघायचं. ज्यांना हे परवडत नसे, ते घरीच राहत. मुलींचं तर बहुतेक घरांत ठरलेलंच असे. १९५५ च्या गोवामुक्ती सत्याग्रहानंतर सीमा बंद झाली, रेल्वे थांबली आणि तीही वाट अवघड झाली.

दोन्ही कॉलेजांमागे खाण व्यवसायातली घराणी उभी राहिली. पणजीत वसंतराव ढेंपे, मडगावात विश्वासराव चौगुले. बार्जमधून मुरगाव बंदराला जाणाऱ्या आणि तिथून जपानच्या जहाजांत चढणाऱ्या लोहखनिजाचा पैसा वर्गखोल्यांत आला. खाणींनी आपल्या डोंगरांचं आणि शेतांचं काय केलं, ते विसरता येणार नाही. पण त्या पैशातला काही भाग बाकांवर, प्रयोगशाळांवर आणि ग्रंथालयांवर खर्च झाला, हेही तितकंच खरं. आज साठी-सत्तरी ओलांडलेले कितीतरी शिक्षक, वकील, सरकारी अधिकारी तिथंच घडले.

(दृश्य: बेतीची फेरीबोट धक्क्याला लागते. लोखंडी फळी आदळल्याचा आवाज.)

हा आवाज नीट ऐका. मांडवीवर पूल नव्हता, तेव्हा नदीच्या उत्तरेकडच्या बार्देश तालुक्यातून पणजीला शिकायला येणाऱ्या मुलांचा दिवस याच आवाजानं सुरू व्हायचा. फळी पुरती टेकायच्या आत सायकलवाले पुढं सरकायचे, त्यांच्यामागून वह्या छातीशी धरलेल्या मुली. एक फेरी चुकली की पहिलं लेक्चर गेलंच. पावसाळ्यात वह्या प्लास्टिकमध्ये आणि माणसं भिजलेली. तिकडे झुआरीवरही तेच: आगशीहून कुठ्ठाळीला जायचं तर फेरीच.

म्हणूनच मला वाटतं, गोव्यातल्या कॉलेजांचा नकाशा नद्यांनी आखला. १९६३ मध्ये म्हापशात सेंट झेवियर्स आलं आणि बार्देशातल्या मुलांचं पाणी ओलांडणं वाचलं. १९७३ मध्ये मडगावात दामोदर कॉलेज निघालं, वाणिज्य शाखेसाठी. सगळी कॉलेजं मुंबई विद्यापीठाला जोडलेली. म्हणजे मूल घरी राहून शिकायचं, पण पदवीवर शिक्का मुंबईचा.

(दृश्य: मिरामारला भाऊसाहेब बांदोडकरांची समाधी.)

ढेंपे कॉलेजपासून ही समाधी दूर नाही. भाऊसाहेब गोव्याचे पहिले मुख्यमंत्री. त्यांच्या सरकारनं गावोगाव प्राथमिक शाळा काढल्या, बहुतेक मराठी माध्यमाच्या. त्या शाळांत पाटी धरलेली मुलं सत्तरच्या दशकात कॉलेजात पोहोचली. घरात आधी कुणी मॅट्रिकही झालेलं नव्हतं, अशी कुळांची, मजुरांची मुलं. फी कशीबशी भरली जायची. मग अडायचं बसच्या तिकिटावर. फोंडा, डिचोली, काणकोण इथून रोजचं येणं-जाणं खासगी बसनंच आणि घरचं उत्पन्न तुटपुंजं. १९७८-७९ मध्ये विद्यार्थी रस्त्यावर उतरले. मागणी साधी होती: अर्धं तिकीट. आंदोलन पेटलं, लाठ्या खाल्ल्या, पण सवलत मिळाली. १९८० मध्ये कदंब वाहतूक महामंडळ, म्हणजे सरकारी बससेवा उभी राहिली, त्यामागे या मुलांचा रेटा होता. गोव्याच्या शिक्षणाच्या इतिहासात या आंदोलनाला कुठल्याही इमारतीइतकीच जागा मिळायला हवी, असं माझं ठाम मत आहे.

पुढं पूल झाले. ५ जुलै १९८६ रोजी मांडवीवरचा नेहरू पूल कोसळला आणि मुलं पुन्हा फेरीच्या रांगेत उभी राहिली.

(दृश्य: ताळगावचा सडा, म्हणजे पठार, विद्यापीठाची इमारत, खाली झुआरीचं मुख.)

तोवर गोव्याला स्वतःचं विद्यापीठ मिळालं होतं. १९८५ मध्ये मुंबईचा शिक्का गेला. ताळगावच्या सड्यावरचं हे संकुल सतीश गुजराल यांनी आखलं. ते आधी चित्रकार, मग वास्तुरचनाकार.

त्यानंतर सरकारी महाविद्यालयं आतल्या तालुक्यांत गेली: साखळी, खांडोळा, केपें, पेडणें. पेडण्यातल्या विर्नोड्याच्या महाविद्यालयाला संत सोहिरोबानाथ आंबिये यांचं नाव आहे. पेडण्यातली मुलगी आता सकाळची कामं उरकून, नदी न ओलांडता पदवीच्या वर्गात बसते आणि दुपारी जेवायला घरी असते.