मागचं झाकण उघडण्याआधी

[दृश्य: खडेबाजार, बेळगाव. काउंटरवर काळ्या डायलचं डायव्हिंग घड्याळ, चावी चारच्या आकड्याशी.]

निवेदन:
तारकर्लीला स्कूबा करून आलं, की बेळगाव-निपाणीकडच्या बऱ्याच जणांना मनगटावर डायव्हिंगचं घड्याळ हवंसं वाटतं. नव्याची किंमत बघितली, की नजर वळते सिकोच्या एसकेएक्स ००७ कडे. १९९६ ला आलेलं हे मॉडेल २०१९ च्या सुमारास बंद झालं. त्याला बाहेरचे सुटे भाग इतके सहज बसतात, की ‘ओरिजिनल आहे बघा’ या बोलण्यावर पैसे मोजू नयेत.

आधी पाठ बघा. झाकणावर ७एस२६-००२० हा क्रमांक हवा; ७एस२६ म्हणजे आतलं मूळ मशीन. शेजारी सहा खुणांचा सिरियल नंबर असतो. पहिला आकडा वर्षाचा शेवटचा, दुसरी खूण महिन्याची. सातने सुरुवात असेल तर १९९७, २००७ किंवा २०१७. दशक सिरियल सांगत नाही, त्यामुळे ‘पहिल्या वर्षातलं आहे’ हा दावा नुसत्या नंबरावर मान्य करू नका. झाकणाच्या मधोमध कोरलेली लाट पुसट झाली असेल, तर घड्याळ बहुधा बफवर (पॉलिशच्या चाकावर) घासलेलं आहे.

[दृश्य: जवळून. बोटं चावीचा आटा सोडतात.]

खरी परीक्षा चावीची. आटा सोडा, पण बाहेर ओढू नका, फक्त फिरवा. मूळ ७एस२६ मशीनला हाताने चावी देताच येत नाही. करकर लागून स्प्रिंग भरल्यासारखी वाटली, तर आत बहुधा एनएच३६ किंवा तसंच दुसरं मशीन आहे. आता चावी पूर्ण बाहेर ओढा. मूळ मशीनचा सेकंदकाटा चालत राहतो. थांबला, तर मशीन बदललेलं. मात्र चावी किंचित उलटी दाबली, तर मूळ काटाही अडतो, म्हणून ओढल्यावर बोट काढून बघा. रात्री नऊ ते पहाटे चार या वेळात तारीख-वार पटकन बदलू नका, दाते खराब होतात.

नवं मशीन वाईट नाही. एनएच३६ सोयीचं आहे. फक्त किंमत मूळ घड्याळाची लावू देऊ नका.

[दृश्य: अंधारात हिरवट उजळलेलं डायल.]

डायल उजेडात धरा, मग दिवा घालवा. काट्यांची आणि खुणांची चमक वेगळी दिसली, तर काटे किंवा डायल बदललेलं असणार. सेकंदकाट्याचा चमकणारा ठिपका मागच्या, आखूड टोकाला हवा. मूळ चावीच्या तोंडावर अक्षर नसतं. ‘एस’ कोरलेला असेल तर ती बाहेरची. काच सपाट हवी. फुगीर काच म्हणजे नंतर बसवलेली, बहुधा सफायर (नीलमणी) काच. बेझल, म्हणजे काचेभोवतीची फिरती कडी, एकाच दिशेने फिरायला हवं आणि पूर्ण फेरीत १२० टिकटिक; दहा मिनिटांना वीस. मिनिटांची आतली कडा खुणांपासून जरा सरकलेली दिसली म्हणून दचकू नका, कारखान्यातून आलेल्या घड्याळांतही ते असायचं.

पण पाणी अडवण्याचा जीव असतो रबरी रिंगांत. झाकण, चावी आणि काच, तिन्हीकडे. जाड सफायर बसवताना चुकीची रिंग लागली किंवा चिमटली, तर पाणी आत जाणारच; उद्यमबागेत हायड्रॉलिक सिलिंडर करणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. २०० मीटर लिहिलेल्या घड्याळाला आयएसओ ६४२५ या डायव्हिंग घड्याळांच्या मानकाप्रमाणे २५ बारचा दाब सोसावा लागतो. ती खात्री कारखान्यातल्या घड्याळाची. उघडून बंद केलेल्या घड्याळाची दाब तपासणी होईपर्यंत ते तारकर्लीच्या पाण्यात तर नाहीच, बादलीतही बुडवू नका.

[दृश्य: घड्याळजी मागचं झाकण सोडवतो.]

सगळं पसंत पडलं, तरी सौदा ठरण्याआधी घड्याळजीकडून झाकण उघडून घ्या, विकणाऱ्यासमोरच. मशीनवरचा नंबर वाचा. रिंगच्या खाचेत गंजाची तांबडी रेघ आहे का बघा. आणि विचारा: मूळ काटे, बेझल, काच पुडीत ठेवलेत का? असतील, तर तेही सौद्यात मागून घ्या.