हवा नेमकी कुठून शिरते?

बेळगावच्या उद्यमबागेतील या गॅरेजमध्ये उभी आहे ती कार्ब्युरेटरची, म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनाला देणाऱ्या भागाची, मारुती ८००. तिचे तीन सिलिंडरचे, ७९६ सीसीचे इंजिन ‘स्लो’वर, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर न दाबता, चालू ठेवले की कधी आपोआप रेस धरते, तर कधी बंद पडते. अशी तक्रार आली की बहुतेकांचा हात आधी कार्ब्युरेटरवर जातो आणि मालकाला नव्या कार्ब्युरेटरचा खर्च सांगितला जातो. या मिस्त्रींनी तो अजून उघडलेलाही नाही.

कार्ब्युरेटरकडून सिलिंडरांकडे मिश्रण नेणाऱ्या नळकांड्याला, म्हणजे इनटेक मॅनिफोल्डला, त्यांनी निर्वात मोजणारा व्हॅक्यूम गेज जोडला आहे. थ्रॉटल (आत जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप) जवळजवळ बंद असताना पिस्टन हवा ओढतात, त्यामुळे मॅनिफोल्डमध्ये निर्वात तयार होतो. एखाद्या फटीतून जास्तीची हवा आत आली, की हा निर्वात घटतो आणि मिश्रणात पेट्रोल कमी पडते. निरोगी इंजिनासाठी पुस्तकांत १७ ते २१ इंच (पाऱ्याचे) हा आकडा असतो, पण तो समुद्रसपाटीचा. बेळगाव सुमारे २,५०० फुटांवर आहे आणि दर हजार फुटांमागे साधारण एक इंच वजा करावा लागतो, म्हणून येथे १६ इंच दिसले तरी घाबरण्याचे कारण नाही. येथे मात्र काटा १२ वर स्थिर आहे. इग्निशन टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) मागे पडले असले तरी काटा असाच खाली राहतो. ते आधी तपासले, बरोबर निघाले.

आता एकेक रबरी नळी पकडीने दाबून पाहिली जाते. बाहेरून धड दिसणारी जुनी नळी बहुधा टोकाशी कडक होऊन चिरलेली असते, पण येथे डिस्ट्रिब्युटरकडे (सिलिंडरांना ठिणगी वाटणाऱ्या भागाकडे) जाणारी नळी दाबूनही इंजिनाचा आवाज बदलत नाही, म्हणजे फट तिथे नाही. मग सांध्यांवर पाण्याचा बारीक फवारा मारला जातो; फट असेल तिथे पाणी ती क्षणभर बुजवते आणि इंजिनाची चाल बदलते. काही जण यासाठी कार्ब्युरेटर क्लीनर वापरतात. तापलेल्या एक्झॉस्टजवळ तो पेट घेऊ शकतो, त्यामुळे पाणीच बरे. कार्ब्युरेटरच्या बुडाशी, एका कोपऱ्यावर फवारा पडताच रेस उतरते. दोष पॅकिंगचा, म्हणजे सांधा हवाबंद ठेवणाऱ्या पातळ पट्टीचा, आहे. दुर्लक्ष केले असते, तर पुढे व्हॉल्व्ह जळण्याची भीती होती.

जुने पॅकिंग खरवडून काढल्यावर दोन्ही पृष्ठभाग सरळपट्टी लावून पाहिले जातात, आणि नट आळीपाळीने, बेताने आवळले जातात. एकाच बाजूने कसले, तर फ्लँज (कार्ब्युरेटरची नट बसणारी सपाट कड) वाकून तीच फट पुन्हा पडते. आधी कोणीतरी ‘स्लो’ची गती ठरवणारा आयडल स्क्रू कसून हा दोष झाकला होता. तो सर्वांत शेवटी, गेज जोडलेला ठेवूनच, मागे घेतला जातो.