शेवटच्या मुठीतलं धान्य

नमस्कार श्रोतेहो.

२२-२३ सप्टेंबरच्या सुमारास दिवस आणि रात्र सारखे होतात, म्हणजे शरद संपात येतो, हे आपण सगळेच शाळेत शिकलो. पण आपलं त्यावाचून फारसं अडत नाही. मुंबईत डिसेंबरातला सर्वांत लहान दिवससुद्धा ११ तासांचा असतो. बाल्टिक समुद्राकाठच्या लिथुआनियात मात्र परिस्थिती निराळी. राजधानी व्हिल्नियसमध्ये जूनमध्ये १७ तास दिवस असतो, तर डिसेंबरात जेमतेम सव्वासात. शरद संपात आला, की तिथे अंधाराचं पारडं जड व्हायला लागतं.

लिथुआनियाच्या घराघरात खाल्ला जातो तो रायचा काळसर पाव. राय हे गव्हाच्याच कुळातलं धान्य. ते सप्टेंबरात पेरायचं, हिवाळाभर बर्फाखाली राहू द्यायचं आणि पुढच्या उन्हाळ्यात कापायचं. म्हणजे एक पीक घरात येतं न येतं, तोच दुसऱ्याची पेरणी दारात उभी.

जुन्या काळी कापणी संपताना शेवटची मूठभर ताटं कापत नसत. बायका त्यांच्या भोवतीचं तण उपटत, उभ्या ताटांची वेणी घालत आणि बुडाशी पावाचा तुकडा ठेवत. जमिनीनं दिलं, त्यातलं थोडं जमिनीला परत. काही गावांत शेवटच्या पेंढीला म्हातारीसारखं सजवत. तिचं नाव ‘बोबा’. कणसांचा मुकुट गुंफून गाणी म्हणत मालकाच्या घरी नेत, आणि मालकानं सगळ्यांना खाऊपिऊ घालायचं. त्या कणसांचे दाणे जपून ठेवत आणि सप्टेंबरात नव्या बियाण्यात मिसळत. गेल्या साली उगवलेलंच पुन्हा मातीत जाई. मला या सगळ्या विधींत सर्वांत सुंदर वाटतो तो हाच.

लिथुआनियानं ख्रिस्ती धर्म स्वीकारला तो १३८७ साली, युरोपात जवळजवळ सगळ्यांच्या शेवटी. त्यामुळे जुनी दैवतं खेड्यापाड्यांत बराच काळ टिकली. झेमिना ही त्यांची भूदेवी. १७व्या शतकात माथेउस प्रेटोरियस नावाच्या पाद्र्यानं तिच्याविषयी लिहून ठेवलंय, की माणसं बिअर पिण्याआधी थोडी जमिनीवर ओतत, ती तिच्यासाठी.

आता एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. त्या काळचा शेतकरी पंचांगातली तारीख पाहून सण करत नव्हता. काम उरकलं, की सण. आज संपाताच्या दिवशी जे सार्वजनिक सोहळे होतात, ते बरेचसे अलीकडचे आहेत. सोव्हिएत राजवटीत लोकपरंपरा जपणाऱ्या मंडळांवर सरकारची करडी नजर असे. १९९० साली देशानं स्वातंत्र्य जाहीर केलं आणि हे सगळं मोकळेपणानं बहरलं. पण अलीकडचं आहे म्हणून त्याला उसनं म्हणायला मी तयार नाही. पेंढा तोच आहे, ऋतूही तोच.

व्हिल्नियसमध्ये नेरिस नदीच्या काठी गवत-पेंढ्याच्या मोठमोठ्या आकृत्या उभारतात आणि संपाताच्या संध्याकाळी त्या पेटवतात. समुद्राकडे युओदक्रांते नावाचं गाव आहे. तिथे कलाकार खाडीच्या उथळ पाण्यात बोरूसारख्या गवताची शिल्पं रचतात. वारा, पाऊस झेलत ती तिथे उभी असतात आणि संपाताच्या सुमारास त्यांना अग्नी दिला जातो. ज्वाळा वर, त्यांचं प्रतिबिंब खाली.

२२ सप्टेंबरला आणखी एक निमित्त आहे. १२३६ साली याच दिवशी साउलेच्या लढाईत बाल्टिक टोळ्यांनी जर्मन धर्मयोद्ध्यांचा पराभव केला. त्याची आठवण म्हणून लिथुआनिया आणि शेजारचा लाटव्हिया हे दोन्ही देश बाल्टिक ऐक्यदिन पाळतात, आणि त्या संध्याकाळी जुन्या गढ्यांच्या टेकड्यांवर होळ्या पेटतात.

तुमच्यापैकी कुणी त्या दिवसांत तिकडे असेल, तर राजधानीतला सोहळा गाठणं सोपं पडेल. पण मला विचाराल, तर वाकडी वाट करून युओदक्रांतेलाच जा. आणि हो, अंगात जाड स्वेटर हवाच.

नमस्कार.