रतामाच्या झुडपाखालचा संदेष्टा

श्रोतेहो, प्रभू येशू ख्रिस्ताच्या नावात आपणा सर्वांना नमस्कार.

आज मला विशेषकरून त्यांच्याशी बोलायचं आहे, ज्यांना सध्या प्रार्थनेला बसणंही जड जातं. घरात आजारपण असेल, नोकरी गेली असेल, जवळचं माणूस अचानक निघून गेलं असेल. रविवारी उपासनेत सगळे गात असतात आणि आपल्या तोंडून शब्द फुटत नाही. मग मनात भीती उभी राहते, माझा विश्वास संपला की काय?

अशा वेळी बायबलमधल्या पहिला राजे या पुस्तकातला एकोणिसावा अध्याय काढा. एलीया संदेष्ट्याची गोष्ट तिथे आहे. आदल्याच अध्यायात त्याने कर्मेल डोंगरावर बआल या दैवताच्या ४५० संदेष्ट्यांना एकट्याने तोंड दिलं होतं. त्याच्या प्रार्थनेला उत्तर म्हणून आकाशातून अग्नी उतरला होता. आणि लगेच पुढे बआलाला मानणाऱ्या ईजबेल राणीचा एक धमकीचा निरोप येतो आणि हाच माणूस जीव घेऊन पळतो. बैरशेब्यापर्यंत जातो, चाकराला तिथेच ठेवतो, एक दिवसाची वाट चालून एकटाच रानात शिरतो आणि रतामाच्या झुडपाखाली बसून म्हणतो, हे परमेश्वरा, आता पुरे झालं, माझा प्राण घे.

देवाने त्याला काय उत्तर दिलं? कर्मेलची आठवण करून दिली नाही, की त्याच्या विश्वासाची परीक्षा घेतली नाही. त्याला झोपू दिलं. मग देवदूताने स्पर्श करून उठवलं आणि म्हटलं, ऊठ, खा. उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर होती, पाण्याचा चंबू होता. तो जेवला आणि पुन्हा झोपला. देवदूत दुसऱ्यांदा आला आणि म्हणाला, ऊठ, खा, कारण तुला लांबचा प्रवास करायचा आहे.

मला हा भाग फार मोलाचा वाटतो. थकलेल्या शरीराची देवाने आधी काळजी घेतली, कामाचं नंतर सांगितलं. आपण मात्र खचलेल्या माणसाला पहिल्याच भेटीत म्हणतो, तुम्ही प्रार्थना कमी करता. कुणी रात्र रात्र जागून आजाऱ्याची सेवा करत असेल, तर त्याला बहुधा आधी झोपेची गरज असते, आणि ती झोप त्याला मिळावी म्हणून दुसऱ्या कुणीतरी आजाऱ्याजवळ बसण्याची. एलीयासारखं कुणाला जगणंच नकोसं झालं असेल, तर त्याने ते आजच जवळच्या माणसाला सांगावं, डॉक्टरांकडे जावं. त्यात विश्वासाचा कमीपणा मुळीच नाही.

पुढे ४० दिवस आणि ४० रात्री चालून एलीया होरेब डोंगरावर पोहोचतो. देव त्याला विचारतो, एलीया, तू इथे काय करतोस? तो आपलं दुःख मांडतो आणि शेवटी म्हणतो, मीच एकटा उरलो आहे. मग वारा सुटतो, भूकंप होतो, अग्नी येतो, त्यानंतर एक मंद, हळू वाणी ऐकू येते. देव तोच प्रश्न पुन्हा विचारतो आणि एलीया तेच उत्तर पुन्हा देतो, शब्दाला शब्द! म्हणजे देवाची वाणी ऐकूनही त्याचं मन एका क्षणात बदललं नाही. तरी देवाने त्याला काढून टाकलं नाही. पुढची कामं दिली, अलीशा नावाचा सोबती दिला आणि सांगितलं, बआलापुढे गुडघे न टेकलेले ७००० लोक मी इस्राएलात राखून ठेवले आहेत. एलीया स्वतःला एकटा समजत होता, तेव्हाही ते सात हजार होतेच.

आता तक्रारीबद्दल बोलू या, कारण पुष्कळ विश्वासणारे तिलाच घाबरतात. बायबलमधल्या स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रं आहेत आणि त्यातली जवळपास एक-तृतीयांश विलापाची आहेत. तेराव्या स्तोत्रात पहिल्या दोन वचनांतच दावीद देवाला चार वेळा विचारतो, कोठवर? अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटी दिलाशाची एक ओळही नाही. पण त्याची सुरुवात पाहा. हे परमेश्वरा, माझ्या उद्धारक देवा, अशी हाक मारून तो माणूस रडायला बसतो. ज्याने देवाला सोडलं, तो देवाकडे कशाला रडेल? आणि खुद्द आपला प्रभू वधस्तंभावर बाविसाव्या स्तोत्राच्या शब्दांत मोठ्याने ओरडला, माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास? आपल्या प्रभूने उच्चारलेला प्रश्न आपण लाजून गिळून टाकावा, असं मला मुळीच वाटत नाही.

मुलंबाळं, संपत्ती, आरोग्य सगळं गमावलेल्या ईयोबाच्या मित्रांनी हेच ओळखलं नाही. सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ मुकाट्याने जमिनीवर बसले, तोवर त्यांचं वागणं प्रेमाचं होतं. मग ते बोलू लागले आणि त्याचं पाप शोधू लागले. ईयोबाच्या पुस्तकाच्या शेवटच्या अध्यायात देवाचा राग भडकतो तो या मित्रांवर, आणि देव म्हणतो की, माझा सेवक ईयोब माझ्याविषयी जसं यथार्थ बोलला तसं तुम्ही बोलला नाहीत. शोकाच्या घरी जाण्याआधी आपण प्रत्येकाने हा अध्याय वाचावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

हे सगळं ऐकूनही कुणी म्हणेल, माझ्याकडे तक्रार करायचंही बळ नाही. त्यांच्यासाठी मार्काच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायातला पक्षाघाती मनुष्य आहे. चौघांनी त्याला उचलून आणलं, गर्दीमुळे वाट मिळेना तेव्हा छप्पर उघडून खाटेसकट खाली सोडलं. येशूने त्यांचा विश्वास पाहिला, असं तिथे लिहिलं आहे. खाटेवरच्या माणसाने तोंडातून एक शब्द काढल्याचा उल्लेख नाही. म्हणून तुमच्या मंडळीतल्या एखाद्या भरवशाच्या माणसाला फोन करा आणि एवढंच म्हणा, माझ्याच्यानं सध्या प्रार्थना होत नाही, माझ्यासाठी तुम्ही करा.

आज रात्री तेरावं स्तोत्र मोठ्याने वाचा. सहाच वचनं आहेत. शेवटची दोन, भरवशाची आणि गाण्याची, तोंडून निघाली नाहीत तर चौथ्यापाशी थांबा आणि उद्या पुन्हा पहिल्यापासून सुरू करा.